व्यावसायिक कुस्तीतील विक्रमी प्रेक्षकसंख्या

निकाल आधीच ठरलेल्या, करमणूकप्रधान कुस्तीच्या कार्यक्रमांना जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दीचे आकडे. ते बहुधा आयोजकच जाहीर करतात. विकलेली तिकिटे, फुकट पास, प्रवेशद्वारावर मोजलेली माणसे यांतले नेमके काय धरले, हे सांगितले जातेच असे नाही. त्यामुळे एकाच कार्यक्रमाचे दोन-तीन आकडे रूढ होतात.

सर्वाधिक वाद ‘रेसलमेनिया’ या अमेरिकेतील वार्षिक कुस्ती कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वाविषयी, ‘रेसलमेनिया ३’विषयी आहे. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यातील पाँटिअ‍ॅक येथे, सिल्व्हरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये हल्क होगन व आंद्रे द जायंट यांची लढत झाली. आयोजकांनी ९३,१७३ हा आकडा दिला आणि बंदिस्त जागेतील विक्रम म्हणून तो वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी कार्यक्रमाशी संबंधित प्रवर्तकाच्या माहितीवरून सुमारे ७८,००० हा आकडा मांडला. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांसाठी या स्टेडियमची आसनक्षमता ८०,००० च्या आसपास होती. कुस्तीसाठी मैदानातही खुर्च्या मांडता येतात, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. जाहीर आकड्याचे समर्थक त्याच वर्षी सप्टेंबरात तेथे झालेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या प्रार्थनासभेकडे बोट दाखवतात. तिची उपस्थिती ९३,६८२ सांगितली जाते. यावरून फार तर एवढी माणसे तेथे मावत होती एवढे दिसते. मेल्टझर यांचा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. ही वास्तू पुढे पाडण्यात आली.

‘रेसलमेनिया ३२’ (आर्लिंग्टन, टेक्सास, ३ एप्रिल २०१६) साठी १,०१,७६३ प्रेक्षक जाहीर झाले. हा आकडाही फुगवलेला मानला जातो.

निव्वळ संख्येत उत्तर कोरियातील प्याँगयांगचा मे डे स्टेडियमवरील कार्यक्रम (२८-२९ एप्रिल १९९५) सर्वांत मोठा ठरतो. पहिल्या दिवशी सुमारे दीड लाख, दुसऱ्या दिवशी १,९०,००० असे सांगितले गेले. दुसऱ्या दिवसाचा अंदाज काही जण १,६५,००० पर्यंत खाली आणतात. अखेरची लढत अंतोनिओ इनोकी व रिक फ्लेअर यांची होती. तिकीटविक्रीतून जमलेली ही गर्दी नसल्याने विक्रमांच्या यादीत तिला वेगळे ठेवणे योग्य.

लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरील ‘ऑल इन’ (२७ ऑगस्ट २०२३) साठी एईडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती संस्थेने ८१,०३५ तिकिटांचा दावा केला. ब्रेंट कौन्सिल या तेथील स्थानिक प्रशासनाच्या नोंदीनुसार प्रवेशद्वारातून ७२,२६५ जण आत गेले. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिकीट घेतलेला प्रत्येक जण येतोच असे नाही.

भारतात दारासिंग यांच्या लढतींनी मुंबईत मोठी गर्दी खेचली. २९ मे १९६८ रोजी त्यांनी तेथे अमेरिकन मल्ल लू थेझ यांना हरवले.