जुन्या जीपचं ब्रेक पेडल खोल का जातं?

जुनी जिप्सी, एमएम 540 किंवा सीजे पावसाळाभर चिखलपाण्यातून फिरली की पेडल एक दिवस नेहमीपेक्षा खोल गेल्याचं पायाला जाणवतं. गॅरेजमध्ये बहुतेकदा पहिला सल्ला मिळतो तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेकच्या द्रवावर दाब देणारा सिलिंडर, बदलण्याचा. तो खर्च करण्याआधी पेडल नेमकं कसं खाली जातं ते तपासा. प्रत्येक बिघाडात ते वेगळं वागतं आणि ही तपासणी गाडी जागेवर उभी ठेवून दहा मिनिटांत होते.

इंजिन बंद ठेवून पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर लायनर (ब्रेकचा घासणारा थर) आणि चाकाबरोबर फिरणारा ड्रम यांतलं अंतर वाढलं आहे. वर येऊनही स्पंजसारखं दबत राहिलं, तर ब्रेकच्या द्रवाच्या लाइनमध्ये हवा आहे. आता पाय तसाच दाबून 30 सेकंद धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधला रबरी कप दाब धरत नाही. चारही चाकांच्या आतली बाजू कोरडी आणि ब्रेकच्या द्रवाच्या टाकीतली पातळी जागच्या जागी असेल, तरच मास्टर सिलिंडरवर संशय घ्यावा.

हवेचा त्रास किती, ते हिशेबाने पाहू. पेडलच्या तरफेचं गुणोत्तर 6 आणि मास्टर सिलिंडरचा व्यास 22 मिमी धरा. पायाचा 20 किलोचा दाब पिस्टनवर 120 किलो होतो आणि लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 32 किलो दाब तयार होतो. द्रव जवळजवळ दबत नाही, पण एवढ्या दाबाखाली 1 घन सेंटिमीटर हवा आक्रसून तिसाव्या हिश्शाएवढी होते. ती रिकामी झालेली जागा भरायला पिस्टन अडीच मिमीहून जास्त सरकावा लागतो, म्हणजे पेडल साधारण 15 मिमी खोल जातं. दोन-तीन बुडबुडे पेडलची निम्मी चाल खातात ते असे.

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नाही. डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं, तर रबरी कप फुगतात आणि सगळी किट बदलावी लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा द्रव हवेतली वाफ शोषतो. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. सुमारे 3.7 टक्के पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा 140 अंश आहे. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. खाडीच्या दोन्ही काठांवर, ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, पावसाळ्यात हवा महिनोन्महिने दमट असते. म्हणून द्रव दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावा आणि फोडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. दीड टनाची गाडी 500 मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, ती 25 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणू शकते. माळशेज उतरताना गिअर खालचा नसेल, तर यातली बरीचशी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि सकाळी घट्ट असलेलं पेडल फ्लोअरला टेकतं. गार झाल्यावर ते पुन्हा ठीक वाटतं, आणि म्हणूनच हा दोष गॅरेजमध्ये सापडत नाही.

हवा काढण्याआधी ड्रमचं ॲडजस्टमेंट करा. हँडब्रेकची केबल सैल करा, उरलेल्या चाकांना दगडाची ओट लावा, चाक जॅकवर उचला. चाक अडेपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतका मागे घ्या. रिव्हेटच्या डोक्यावर 1 मिमीपेक्षा कमी लायनर उरला असेल तर शू (लायनर बसवलेली कमान) बदला. शूवर गिअर ऑइल दिसलं तर दोष ॲक्सलच्या सीलचा आहे. आधी सील, मग शू.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडच्या गाड्यांत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक द्रव असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने रिंग पान्याने निपल पाव आटा उघडून बंद करायचं, आणि मगच पाय सोडायचा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. सगळा द्रव बदलायला 1 लिटर हाताशी ठेवा. जुन्या गाडीत पेडलखाली दोन इंची लाकडी ठोकळा ठेवाच. पिस्टन एरवी जिथे जात नाही, तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज असतो. पेडल तळापर्यंत गेलं की कप त्या गंजावर फाटतो, आणि ‘एअर काढल्यावर मास्टर गेला’ असं होतं ते यामुळेच. डिस्क ब्रेक असतील आणि त्यांचे कॅलिपर (डिस्कला चिमटणारे भाग) डावे-उजवे अदलाबदल झाले, तर निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही.

तरीही मऊपणा राहिला, तर गोलाकार जबड्याच्या होज क्लॅम्पने चाकांकडे जाणारे रबरी होज एकेक करून दाबा. ज्या होजला पेडल घट्ट होईल, त्याच बाजूला हवा, जास्तीचं अंतर किंवा फुगणारा होज आहे. सगळे दाबूनही मऊच असेल, तर मास्टर सिलिंडर खोला.

पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, ही वेगळी तक्रार. बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, पाय ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, आणि डिझेल गाडीत अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप पाहा. मोठे टायर टाकले असतील तर त्रिज्या जितकी वाढली, रस्त्यावरचा ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात घटतो, आणि तो कितीही हवा काढून परत येत नाही.

शेवटी पेडलला सुमारे 5 मिमी मोकळी चाल आहे ना, ते बोटाने दाबून पाहा. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं आणि ब्रेक चिकटून तापतात. मग पेडल पूर्ण जोराने 30 सेकंद धरून प्रत्येक निपल पुसून बघा, आणि पहिली चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर 20 च्या वेगाने घ्या; घोडबंदरच्या गायमुख घाटात नाही.