उन्हाळी आणि पाणी परत घेणाऱ्या नलिका

मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर गेला की वखरणीहून परतलेल्या माणसाला लघवी थोडी, गडद आणि जळजळत होते. त्याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, आणि गावात कोणीतरी लगेच ‘किडनीत घाण साचली’ असे सांगून ती साफ करणारा काढा सुचवतो. जळजळ टिकली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. परंतु भर उन्हातून आल्यावर लघवी थोडी आणि गडद होणे ही बहुधा मूत्रपिंडाने पाणी राखल्याची खूण असते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचे पाणी गाळणीला जोडलेली नलिका रक्ताला परत देते. तिचा पहिला नागमोडी भागच दोनतृतीयांश पाणी आणि जवळजवळ सगळी साखर परत घेतो.

खरे नवल त्यापुढच्या वळणाचे आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी 1862 मध्ये त्याचे वर्णन केले. नलिका मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते, वळते आणि वर येते. वर जाणाऱ्या बाजूच्या भिंतीतून पाणी जाऊ शकत नाही, पण तिच्या जाड भागातील पेशी ऊर्जा खर्चून मीठ बाहेर ढकलतात. त्यामुळे गाभा खारट होतो आणि कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटते तसे उतरत्या बाजूतून पाणी बाहेर पडते. आतला द्रव त्यामुळे अधिक खारट होऊन वळणापाशी पोहोचतो, म्हणून चढत्या बाजूला ढकलायला आणखी मीठ मिळते. दोन प्रवाह उलट दिशांनी वाहत असल्याने प्रत्येक पातळीवरचा लहानसा फरक साठत जातो, आणि युरियाचीही भर पडून गाभ्याचे तळटोक रक्ताच्या चौपट तीव्र होते. शेवटची संग्राहक नलिका याच खारट प्रदेशातून खाली जाते. रक्त घट्ट झाले की मेंदूकडून एक संप्रेरक येते, या नलिकेच्या भिंतीत पाण्याची सूक्ष्म दारे उघडतात आणि पाणी गाभ्यात ओढले जाऊन रक्तात परतते. अशा दारांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाणी परत घेण्याचे हेच काम पुरुषाच्या जननसंस्थेतही चालते. गर्भात काही आठवडे एक तात्पुरते मूत्रपिंड असते. ते मावळते, पण मुलग्यांमध्ये त्याच्या नलिका वृषणातून शुक्राणू बाहेर नेण्यासाठी उरतात. वृषणातून आलेल्या द्रवाचा बहुतांश भाग त्या शोषून घेतात, म्हणून सुमारे 6 मीटर लांबीच्या, गुंडाळलेल्या अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या नळीत) शुक्राणू दाटीने पोहोचतात. शोषणाची ही क्षमता बिघडवलेल्या उंदरांच्या वृषणात द्रव तुंबला आणि ते वंध्य झाले.

शुक्राणू तयार व्हायलाच दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो आणि अधिवृषणातला प्रवास त्यानंतरचा. तेव्हा आठवडी बाजारात ‘धातू जाणे’ थांबवून आठ दिवसांत वीर्य सुधारण्याची हमी देणाऱ्या पुड्यांना शरीरशास्त्राचा काहीही आधार नाही.