भायखळा
भायखळा : मुंबईच्या मध्यभागी असलेली जुनी, दाट वस्ती. पूर्वेस माझगाव, उत्तरेस लालबाग, दक्षिणेस नागपाडा आणि पश्चिमेस आग्रीपाडा व सात रस्ता. यांच्या सीमा कागदावर ठरलेल्या असल्या तरी मदनपुऱ्यात राहणारा माणूसही पत्ता सांगताना भायखळाच म्हणतो. बहाव्याची झाडे किंवा भाया नावाच्या कुणाचे खळे, अशा दोन्ही तऱ्हांनी या नावाची फोड केली जाते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भाग सखल आणि पाणथळ होता. वरळीचा बांध झाल्यावर जमीन कोरडी झाली. सुरतेकडून दुष्काळामुळे आलेल्या गरिबांना काम मिळावे म्हणून १७९३ मध्ये बेलासिस रस्ता बांधण्यात आला. म्हणजे भायखळ्याचा हा जुना मोठा रस्ताच मुळी आश्रयाला आलेल्यांच्या हातचा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोटातल्या (आजच्या फोर्ट भागातल्या) गर्दीला कंटाळलेले इंग्रज आणि धनाढ्य व्यापारी त्यानंतर इकडे बंगले बांधू लागले. १८३३ मध्ये भायखळा क्लब निघाला. घोड्यांच्या शर्यतीही इथेच होत, त्या १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या.

१८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे आगगाडी सुरू झाली तेव्हापासून भायखळा स्थानक आहे. १८५७ ची त्याची दगडी इमारत आजही वापरात असून तिच्या जतनकार्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. १८६२ मध्ये खुली झालेली राणीची बाग (आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) आणि तिच्या आवारातले १८७२ चे वस्तुसंग्रहालय ही शहराच्या सार्वजनिक जीवनाची ठेव होय. संग्रहालय उभे राहावे म्हणून झटणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ मध्ये मिळाले, तसे उशिराच. घारापुरीचा दगडी हत्ती याच आवारात उभा आहे.

गिरण्या आल्या आणि बंगल्यांचा शेजार बदलला. खटाव मिलसारख्या गिरण्यांमध्ये कोकणातले आणि घाटावरचे कामगार आले. एकाच गावची माणसे मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि पैसे गावी धाडत. मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी माग मांडले. नागपाड्याच्या आसपास बगदादी ज्यू आणि कोकणातून आलेले, घरी मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू राहत. जवळच पारशी, इराणी आणि ख्रिस्ती वस्ती होती. माझगावचे १६३२ चे ग्लोरिया चर्च पाडल्यावर ते १९१३ मध्ये भायखळ्यात नव्याने उभे राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने सुरुवातीच्या काळात नागपाडा आणि आग्रीपाड्यातच रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या. त्यांच्या जागी आलेल्या टोलेजंग इमारतींत जुन्या कामगारांपैकी फार थोड्यांना घर मिळाले.

भायखळ्याच्या कितीतरी वास्तू मात्र एका समाजाकडून दुसऱ्याकडे गेल्या आणि टिकून राहिल्या. बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या ‘सां सूसी’ या निवासात १९०२ पासून मसीना रुग्णालय चालते. ते एका पारशी शल्यविशारदाने सुरू केले. ससून यांनीच १८६० च्या दशकात बांधलेले मागेन डेव्हिड हे निळ्या रंगाचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आजही उभे आहे. भारत स्वतंत्र झाल्यावर बहुतेक ज्यू कुटुंबे इस्राएल, इंग्लंड आणि इतर देशांत निघून गेली. पण सिनेगॉगच्या आवारात ज्यू मुलांसाठी काढलेल्या शाळा बंद पडल्या नाहीत. तिथे आता शिकणारी बहुतेक मुले आसपासच्या गल्ल्यांतल्या मुस्लिम घरांतली आहेत.