श्रीलंकेतले तमिळ: जाफन्याचे वेगळे, चहामळ्यांवरचे वेगळे

श्रीलंकेतल्या यादवीबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या तमिळांनी पुढे वेगळं राष्ट्र मागितलं. हे वाक्य मुळातच चूक आहे. मळ्यांवर नेले ते तमिळ वेगळे, ईलम म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्र मागणारे वेगळे.

उत्तर टोकाच्या जाफन्याच्या तमिळांबद्दल फार सांगायला नको. ईलमसाठी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेचा प्रमुख प्रभाकरन त्यांच्यातला, आपली शांतिसेना उतरली ती त्यांच्याच मुलखात. उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर ते शतकानुशतकं राहतात. १६१९ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकेपर्यंत जाफन्यात त्यांचं राज्य होतं. पुढे मिशनऱ्यांच्या शाळांमुळे इंग्रजी लवकर आलं आणि सरकारी नोकऱ्यांत त्यांचं प्रमाण वाढलं.

दुसरे तमिळ राहतात मध्य डोंगराळ भागात, हॅटन, नुवारा एलिया, बदुल्ला या बाजूला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यांना भारतातल्या तमिळ जिल्ह्यांतून नेलं ते आधी कॉफीसाठी. कंकाणी म्हणजे मुकादम. तो गावातून उचल देऊन टोळी आणायचा आणि ती उचल मानेवर असेपर्यंत मळा सुटायचा नाही. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला, मळे बसले आणि त्याच उतारांवर चहा लागला. मजुरांची 'लाइन' मात्र तीच राहिली: एका लांबलचक छपराखाली ओळीने खोल्या, एका खोलीत अख्खं कुटुंब.

दोघांच्या बोलीत, चालीरीतींत फरक आहेत, पण त्यांवर अडायला नको. खरी गोम नागरिकत्वात आहे.

१९४६ च्या शिरगणतीत मळ्यांवरचे तमिळ सुमारे ७ लाख ८० हजार होते, जाफन्याकडच्यांहून किंचित जास्तच. १९३१ पासून सिलोनमध्ये (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) प्रौढ मतदान होतं आणि १९४७ च्या निवडणुकीत मळेभागातून त्यांचे स्वतःचे खासदार निवडून आले. ४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. बाप सिलोनमध्ये जन्मल्याचं सिद्ध करा, नाहीतर आजा आणि पणजा दोघेही तिथेच जन्मल्याचं दाखवा. लाइनच्या खोलीत जन्मलेल्या माणसाने आज्याच्या जन्माचा कागद आणायचा कुठून? बहुतेकांचं नागरिकत्व गेलं, १९४९ मध्ये मतही गेलं.

त्या वेळी जाफन्याचे सगळे पुढारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. जी. जी. पोन्नंबलम यांची तमिळ काँग्रेस, म्हणजे जाफन्याकडच्या तमिळांचा पक्ष, हा कायदा आणणाऱ्या पंतप्रधान सेनानायके यांच्या सरकारात सामील झाली. त्याच पक्षातले चेल्वनायकम मात्र याच प्रश्नावर फुटून निघाले आणि डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी फेडरल पार्टी काढली. दोन्ही तमिळांना एक धरलं की हा सगळा भाग वाचकाला दिसतच नाही, आणि माझा राग आहे तो यावर.

पुढचे घावही वेगवेगळ्या ठिकाणी बसले. सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा १९५६ चा 'फक्त सिंहली' कायदा, तमिळ मुलांना प्रवेश अवघड करणारे १९७० च्या दशकातले विद्यापीठाचे नियम, ही जाफन्याच्या सुशिक्षित मुलांची जखम. मळ्यावर चहाची पानं खुडणाऱ्या बाईला विद्यापीठाचं दारच माहीत नव्हतं. तिची जखम १९६४ ची. सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके आणि आपले लालबहादूर शास्त्री यांनी करार केला: ५ लाख २५ हजार माणसं भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने, उरलेल्या दीड लाखाचं नंतर बघू. १९७४ मध्ये तेही निम्मे-निम्मे वाटून घेतले. या माणसांना कोणी विचारलं नाही. भारताचं नाव यात बरोबरीने घ्यायला हवं.

१९७६ मध्ये जाफन्याजवळ वड्डुकोड्डई इथे तमिळ पक्षांच्या आघाडीने स्वतंत्र ईलमचा ठराव केला. मळेकामगारांचे नेते तोंडमान त्याआधी त्या आघाडीत होते, पण या मागणीला त्यांनी साथ दिली नाही. १९७८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या मंत्रिमंडळात गेले. नकाशा उघडला की कारण कळतं. ईलम उत्तर-पूर्वेचा, नुवारा एलिया त्यात येतच नाही. मळ्यांच्या चारी बाजूंनी सिंहली गावं. वेगळं राष्ट्र झालं असतं तर हे लोक बाहेरच राहिले असते.

त्यांना 'इंडियन तमिळ' म्हणणंही मला पटत नाही, सरकारी शिरगणतीत तसं छापलं असलं तरी. तीन-चार पिढ्या तिथेच जन्मल्या-मेल्या. ते स्वतःला 'मलैयह' तमिळ, म्हणजे डोंगरमुलखाचे, म्हणवतात. मीही तेच लिहितो.

जमावाने मात्र हा फरक कधी केला नाही. १९७७ च्या दंगलीत मळ्यांवरची कुटुंबंही मारली-लुटली गेली. त्यातली कित्येक, तमिळांत तरी सुरक्षित राहू म्हणून, उत्तरेला वावुनिया आणि किलिनोच्चीकडे गेली आणि रानं साफ करून तिथे शेती करू लागली. २३ जुलै १९८३ ला जाफन्याजवळ १३ सैनिक मारले गेले, कोलंबो पेटलं आणि यादवी सुरू झाली. डोंगर सोडून उत्तरेत आलेली ही माणसं त्या युद्धाच्या ऐन मुलखात सापडली.