राणा प्लाझानंतरचा करार: दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी?

बांगलादेशात तयार कपड्यांची निर्यात सुरू झाली ती कोट्यामुळे, म्हणजे देशागणिक आयातीवर घातलेल्या मर्यादेमुळे. १९७४च्या आंतरराष्ट्रीय करारानं कोरियासारख्या देशांच्या मालावर मर्यादा आल्या, तेव्हा तिथल्या देवू कंपनीनं बांगलादेशातल्या चितगावच्या देश गारमेंट्सशी हातमिळवणी केली आणि १९७९मध्ये देशच्या १३० जणांना कोरियात शिकवून आणलं. २००४अखेर कोटा संपला, तरी ऑर्डरी टिकल्या. मजुरी स्वस्त होती.

बड्या ब्रँडचे स्वतःचे कारखाने सहसा नसतातच. कापड, दोरा, बटणं यांचे भाव बहुतेक ठरलेले, त्यामुळे घासाघीस उरते ती शिलाईच्या दरावर. माल उशिरा निघाला तर विमानभाडं बहुधा कारखानदारानंच भरायचं. अशा धंद्यात एक दिवस यंत्रं बंद ठेवणंही जड जातं.

२३ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळच्या सावरमधल्या राणा प्लाझा या कारखान्यांच्या इमारतीत भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी तळाची बँक आणि दुकानं बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यांत जनरेटर. आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसं मेली. तिथल्या दोन कारखान्यांचं सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या स्थितीची तपासणी, आधी झालं होतं, पण इमारतीची मजबुती त्या तपासणीत येतच नव्हती!

मे २०१३मधला अॅकॉर्ड, म्हणजे ब्रँड आणि कामगार संघटनांमधला सुरक्षेचा करार, वेगळा ठरला तो इथेच. पाच वर्षांचा, कायद्यानं बांधील. पुढे दोनशेहून अधिक ब्रँड त्यात आले. तपासणीचा खर्च ब्रँडनी खरेदीच्या प्रमाणात उचलायचा, वर्षाला कमाल पाच लाख डॉलर. अभियंत्यांनी खांब तपासले, कुठल्या मजल्यावर किती भार चालेल ते ठरवून दिलं, कुलूप लागणारे सरकते जाळीचे दरवाजे काढायला लावले. दुरुस्ती परवडेल असा व्यवहार ब्रँडनी करावा, हेही कलमात होतं. आमच्या मते खरा दात तोच, आणि तो वापरलाही गेला: २०१८मध्ये एका ब्रँडनं लवादातला दावा २३ लाख डॉलरना मिटवला.

मजुरी मात्र कराराबाहेरच राहिली. किमान वेतन २०१३अखेर महिना ५३०० टका झालं. २०२३मध्ये संघटनांनी २३,००० मागितले, मिळाले १२,५००.