स्पेनमध्ये राहून स्वस्तात स्पॅनिश शिकायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

नोकरीनिमित्त माद्रिद-बार्सिलोनाला येणाऱ्या आपल्या कुटुंबांत एक ठरलेली गोष्ट होते. जो ऑफिसला जातो त्याचं इंग्रजीवर भागतं. जो, किंवा बहुतेक वेळा जी, घरी असते तिला मात्र डॉक्टर, मुलांची शाळा, गॅसवाला, सगळीकडे स्पॅनिशच लागतं. खाजगी अकादमीत चौकशी केली की इंटेन्सिव्ह वर्गाचे आठवड्याला शंभर-दोनशे युरो सांगतात. मग कुणीतरी सरकारी वर्गांचं सांगतं, अर्ज भरला जातो आणि नाकारलाही जातो. लोक समजतात जागा संपल्या. पुष्कळदा जागा असतात. अर्ज अडतो तो नाव, नंबर आणि पत्ता या तीन गोष्टी प्रत्येक कागदावर वेगळ्या असतात म्हणून.

आधी पर्याय थोडक्यात. पहिला म्हणजे एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास, म्हणजे सरकारी भाषाशाळा. यातली पहिली 1911 मध्ये माद्रिदला सुरू झाली, आता त्या देशभर आहेत. शुल्क प्रत्येक प्रदेशाचं वेगळं, पण अख्ख्या वर्षाची फी खाजगी अकादमीच्या दोन-तीन आठवड्यांत निघून जावी इतपतच. मात्र प्रत्येक शाखेत परदेशी लोकांसाठी स्पॅनिश नसतं. काही ठिकाणी फक्त इंग्रजी, फ्रेंच, जर्मन शिकवतात, आणि हे न बघता जवळची शाखा निवडून अर्ज करणारे दरवर्षी भेटतात. माद्रिदला हेसूस माएस्त्रो आणि बार्सिलोनाला द्रासानेस इथे स्पॅनिश आहे. दुसरा पर्याय प्रौढांच्या सरकारी शाळा, म्हणजे सेपा. इथे वर्ग फुकट असतात. तिसरा, माद्रिद प्रदेशात स्थलांतरितांसाठीची सेपी केंद्रं, आणि सगळीकडे रेड क्रॉस, कारितास ही कॅथलिक सेवासंस्था आणि चर्च यांचे वर्ग. तेही फुकट, पण स्वयंसेवकांवर चालतात.

पात्रता सोपी आहे. भाषाशाळेला ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षात वयाची सोळा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. प्रौढांच्या शाळेला साधारण अठरा. शिक्षणाची अट नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण डिग्री सर्टिफिकेटला मुंबईहून अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून मागवणारे, वर त्याचं सरकारमान्य भाषांतरकाराकडून भाषांतर करून घेणारे लोक आहेत. भाषेच्या वर्गाला हे कुणी विचारत नाही. ते पैसे वाचवा.

आता पत्त्याचा कागद. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आयुन्तामिएन्तोत, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. यालाच एम्पाद्रोनामिएन्तो किंवा नुसतं पाद्रोन म्हणतात. व्हिसा कुठला, परदेशी रहिवाशाचं कार्ड आलंय की नाही, याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. पासपोर्टवरही ती होते. भाषाशाळेचं बऱ्याचदा ओळखपत्रावर भागतं, पण फुकटच्या वर्गांत आणि नगरपालिकेच्या योजनांत पाद्रोन मागतात. आणि नेमका हाच कागद लोकांकडे नसतो.

का नसतो? पहिलं कारण घरमालक. "भाडं घ्या, पण पाद्रोन नको," असं सरळ सांगणारे मालक आहेत. त्यांना वाटतं कर लागेल, भाडेकरू निघणार नाही. तुमच्या नावावर भाडेकरार असेल तर मालकाची परवानगी लागतच नाही, करार दाखवा आणि नोंद करून घ्या. त्याच्याशी वाद घालत बसू नका. दुसरं, करार फक्त नवऱ्याच्या नावावर असतो. काउंटरवरची बाई करार चाळते, नाव शोधते आणि कागद परत सरकवते. अशा वेळी करार ज्याच्या नावावर आहे त्याने सही केलेलं अधिकारपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते, मग तो सख्खा नवरा का असेना. नगरपालिकेचा छापील नमुना असतो, तोच भरा. घरी टाइप केलेलं पत्र घेतीलच असं नाही. तिसरं, कंपनीने दिलेलं पहिल्या महिन्याचं तात्पुरतं घर. तिथे नोंदीच्या मागे न लागता पक्कं घर मिळाल्यावर लगेच अपॉइंटमेंट घ्या. मित्राकडे खोली घेऊन राहत असाल तर ज्याच्या नावावर घराचा करार आहे त्याचं तेच अधिकारपत्र. कराराची मुदत उलटून गेली असेल तर शेवटच्या भाड्याची पावती सोबत ठेवा.

अपॉइंटमेंटला तिथे सीता प्रेविया म्हणतात. ती फुकट असते. ती पैसे घेऊन विकणारे लोक आहेत, लोकांच्या अडचणीवर जगतात, त्यांच्या नादी लागू नका. सकाळी लवकर बघितलं तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. शहराच्या दुसऱ्या टोकाचं नगरपालिका कार्यालयही चालतं, फक्त शहर तेच हवं.

पाद्रोन मिळाल्यावर जो साधा दाखला मिळतो त्याला वोलान्ते म्हणतात. वर्गाला तो पुरतो. बहुतेक ठिकाणी तो तीन महिन्यांच्या आतला मागतात, म्हणून मार्चमध्ये काढून सप्टेंबरला नेऊ नका. काउंटरवर सगळ्यात आधी खालची तारीख बघतात, वरचं नाव नंतर. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: युरोपीय संघाबाहेरच्या, कायमस्वरूपी निवासाचा परवाना नसलेल्या लोकांची ही नोंद दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. नाही केली तर ती रद्द होते. त्याची सूचना जुन्या पत्त्यावर जाते. दोन वर्षांनी घर बदललेलं असतं, पत्र तिसऱ्याच माणसाच्या पेटीत पडतं, आणि तुम्हाला कळतं ते अर्जाच्या दिवशी.

यानंतर नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र येतात, आडनाव वेगळं. स्पॅनिश फॉर्ममध्ये मात्र एक नाव आणि दोन आडनावं, कारण तिथे आईबापांचं एकेक आडनाव लावतात. मग आपली माणसं वडिलांचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात भरतात, कारण रकाना रिकामा ठेवणं बरं वाटत नाही. परदेशी रहिवाशाच्या कार्डावर, म्हणजे तिएवर, एक रचना, पाद्रोनवर दुसरी, शाळेच्या यादीत तिसरी. त्यांच्या संगणकाला ही तीन माणसं वाटतात. नियम एकच: तिएवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, सगळीकडे. दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा सोडा. ऑनलाइन फॉर्म त्याशिवाय पुढे जात नसेल तर काहीतरी भरून वेळ मारून नेऊ नका, काउंटरवर जा. पाद्रोनवरचं नाव चुकलं असेल तर आधी ते नगरपालिकेत दुरुस्त करून घ्या. त्यानंतरच शाळेचा अर्ज.

नंबरचीही हीच गंमत. निए म्हणजे तुमचा परदेशी नंबर: सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. कार्डावर ई अक्षराने सुरू होणारा आणखी एक नंबर असतो, तो कार्डाचा, तुमचा नाही. अर्जात नेमका तोच भरणारे कमी नाहीत. आणि अर्ज पासपोर्ट नंबरवर भरला, निकाल लागेपर्यंत कार्ड आलं, आणि प्रवेशाच्या वेळी निए दिला, तर यादीतला माणूस आणि समोरचा माणूस जुळत नाहीत. याद्यांत ओळखपत्राचे सगळे आकडे छापत नाहीत, मधले चारच दिसतात. म्हणून कुठला नंबर दिला होता ते अर्जाच्या प्रतीवर बघा, दोन्ही कागद सोबत न्या आणि बदल लेखी कळवा.

तारखांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळ्यात जास्त जागा इथे हातच्या जातात. भाषाशाळेत दोन टप्पे असतात. प्रेइन्स्क्रिप्सिओन म्हणजे फक्त अर्ज. यादीत नाव लागलं की प्रवेश झाला असं समजून लोक मिठाई वाटतात. प्रवेश होतो तो दुसऱ्या टप्प्यात, मात्रीकुलाला, पैसे भरून. त्याला मोजके दिवस असतात, ते गेले की जागा पुढच्याला. मुख्य प्रवेश बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या आधी असतो, उरलेल्या जागा सप्टेंबरात, आणि जिथे चार महिन्यांचे वर्ग असतात तिथे हिवाळ्यात पुन्हा एक संधी. जुलैत भारतात जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी शाळेचं वेळापत्रक बघा.

सूचनेत नुसतं "दिवस" लिहिलं असेल तर ते कामाचे दिवस; शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. "नातुरालेस" असा शब्द असेल तर मात्र सगळे दिवस मोजायचे. बार्सिलोनात 11 आणि 24 सप्टेंबरला सुट्टी असते, म्हणजे ऐन धावपळीत दोनदा दारं बंद. दुपारी दोननंतर तर बऱ्याच कार्यालयांत कुणी भेटतच नाही.

पहिली यादी लागते ती तात्पुरती. त्यात नावापुढे "एक्स्क्लुइदो", म्हणजे वगळलेला, असं दिसलं की लोक घरी जातात. अहो, तिथेच कारण लिहिलेलं असतं! एखादी प्रत राहिली, सही राहिली, नंबर चुकला. ते दुरुस्त करायला मुदत असते, आणि पक्की यादी त्यानंतर लागते. तसंच "सुब्सानासिओन"चं पत्र आलं तर ते नकाराचं नसतं. त्रुटी दूर करा असं ते सांगतं, आणि त्याला साधारणपणे कामाचे दहा दिवस मिळतात. पत्राची भाषा अशी की वाचणाऱ्याला गुन्हा केल्यासारखं वाटावं. ज्याला स्पॅनिश येत नाही म्हणून तो वर्गाला आलाय, त्यालाच कचेरीच्या स्पॅनिशमध्ये सूचना पाठवायची, याला काय म्हणावं.

पैसे भरताना माद्रिदला 030 आणि आंदालुसियात 046 नंबरचा फॉर्म असतो. बँकेत किंवा ऑनलाइन पैसे भरले की काम झालं असं नाही. भरल्याची प्रत शाळेकडे पोचली पाहिजे. मोठ्या कुटुंबांना आणि अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना सवलत आहे, पण दाखला स्पेनमधला लागतो.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसमध्ये थोडंफार स्पॅनिश झालं असेल तर पातळी चाचणी द्या. विद्यापीठाच्या सर्टिफिकेटवर थेट वरच्या वर्गात बसवतील असं धरून चालू नका. अगदी नवखे असाल तर चाचणी नसते, पण "थोडं येतं" असं लिहून चाचणीला गेला नाहीत तर अर्ज बाद.

नागरिकत्वाचा विचार मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा: भारतीयांना दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि भाषेसाठी देले परीक्षेची किमान ए-दोन पातळी हा ठरलेला मार्ग आहे. सीएले ही स्पॅनिशची दुसरी परीक्षा त्यासाठी चालत नाही. फुकटच्या वर्गाचं हजेरीपत्रकही नाही.

आणि प्रतीक्षायादीत नाव अडकलं तर सोडून देऊ नका. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले की कुणाची शिफ्ट बदलते, कुणाचं गाव बदलतं, जागा मोकळ्या होतात. शाळा ईमेल करते आणि उत्तराला फार वेळ देत नाही, म्हणून स्पॅमचा फोल्डर रोज उघडा. तोवर प्रौढांच्या शाळेत स्वतः जाऊन विचारा. वर्षाच्या मध्येही जागा असेल तर घेतात, फक्त वोलान्ते ताजा असू द्या.