निलगिरी तेल: उग्र वास म्हणजे अस्सल माल?

शिरूर-दौंडकडच्या पोल्ट्रीवाल्यांत एक समज पक्का आहे: झाकण उघडताच नाकात झिणझिण्या आल्या की कोंबडीखाद्यात घालायचं निलगिरी तेल अस्सल. साफ चूक. टर्पेंटाइन मिसळलं तरी वास उग्रच. काही जण कागदावर थेंब टाकतात. तेलकट डाग राहिला तर खाद्यतेलाची भेसळ कळते, पण टर्पेंटाइन उडूनच जातं की!

बघायचं ते सिनिओल, म्हणजे निलगिरी तेलातला मुख्य घटक. औषधी दर्जाच्या तेलात ते किमान 70 टक्के लागतं. लिंबासारख्या वासाची निलगिरी वेगळी, तिच्यात मुख्यतः सिट्रोनेलाल हा दुसराच घटक. म्हणून पुण्यातल्या व्यापाऱ्याकडे झाडाचं शास्त्रीय नाव आणि त्याच बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफी अहवाल (तेलात कोणता घटक किती, हे सांगणारी प्रयोगशाळेची चाचणी) मागा. पेलेटसाठी, म्हणजे वाफ देऊन दाबलेल्या खाद्याच्या गोळ्यांसाठी घेत असाल, तर वाफेच्या उष्णतेत किती तेल उडतं हेही विचारा.